बसला, पुढे काय?

बार्बरा वुडहाउस या इंग्रज बाईंचं ‘नो बॅड डॉग्ज’ (१९७८) मी आमच्या मोत्यासाठी आणलं. कुत्रं वाईट नसतं, मालक कच्चा असतो, हा बाईंचा सिद्धान्त. आमच्या सौभाग्यवतींना तो पुस्तक न वाचताच मान्य होता.

१९८० साली बीबीसीवरून बाईंचा ठणठणीत आवाज घरोघरी पोहोचला. त्या आवाजाला कुत्र्यांबरोबर मालकही बसत असावेत. पण गळ्यातल्या साखळीला हिसका देण्याची त्यांची रीत मला रुचली नाही. आम्ही भाकरीचा तुकडा दाखवला. मोत्या चार दिवसांत बसू लागला.

माझी खरी तक्रार पुढेच आहे. बाईंचा सारा भर आज्ञेवर. पण बसलेल्या कुत्र्याने दिवसभर करायचं काय? मी बँकेत, ही शाळेत. मोत्याने चपला खाल्ल्या, गादी उसवली, शेवटी बाईंचं एक प्रकरणही फस्त केलं. ‘देऊन टाका कुणाला तरी,’ इथवर पाळी आली.

मग एका रविवारी गोणपाटाच्या घड्यांत भाकरीचे तुकडे लपवले. पठ्ठ्या अर्धा तास नाक खुपसून शोधत राहिला. इतक्या निष्ठेने आमच्या शाखेत कुणी पंधरा पैशांचा फरक शोधलेला नाही! नंतर चक्क घोरला.

आता रोज निघण्यापूर्वी मी भाकरी लपवतो. पुस्तक मात्र वरच्या फळीवर ठेवलंय.