‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचताना: आवाज कुणाचा?

आदिवासी ज्येष्ठांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या आहेत म्हटल्यावर सिनियरने हातात ठेवलेलं पहिलं पुस्तक म्हणजे गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’. पुस्तक १९७० चं, साहित्य अकादमी पुरस्कार १९७२ चा. डहाणू-तलासरी भागातल्या वारल्यांनी १९४५ पासून वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध दिलेल्या लढ्याची ही हकिगत. लग्नासाठी कर्ज काढलं म्हणून नवरा-बायकोने सावकाराकडे राबत राहायचं, हे वाचून आजही पोटात कालवतं.

पण संशोधनासाठी वाचत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. या लढ्याच्या नेत्या असलेल्या बाईंच्या आठवणी आहेत, वारल्यांचा मौखिक इतिहास नाही. वारली माणूस इथे बोलतो, पण वीस-पंचवीस वर्षांनंतर आणि बाईंच्या लेखणीतून. त्या आठवणीच लिहीत होत्या, त्यामुळे तो त्यांचा दोष नाही. त्यातला संवाद उचलून आपण ‘वारली म्हणतात’ असं लिहिलं, तर चूक आपली.

मला खटकतं ते शीर्षक. माणूस ‘जागा होतो’ म्हणजे आधी तो झोपला होता. हे कुणी ठरवलं? एखाद्या वारली आजीने हीच गोष्ट सांगितली असती, तर सुरुवात तिथूनच केली असती का?

हे बोलायला सोपं आहे. आरेतल्या एका पाड्यावर मी एका आजींना विचारलं, “तुमची शेती कुठल्या साली गेली?” त्या म्हणाल्या, “तबेले आले तवा.” आरे दूध वसाहत १९४९ ची, म्हणून मी नोंदीत सरळ ‘१९४९’ लिहून मोकळं! महिन्याभराने रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. आजी पाड्याशेजारच्या तबेल्यांबद्दल बोलत होत्या, आणि ते बरेच नंतर बांधले गेले. साल आजींनी सांगितलंच नव्हतं. ते माझं होतं.

तेव्हापासून मी दोन रकाने करतो. एकात माझा प्रश्न आणि त्यांचे शब्द, जसेच्या तसे. दुसऱ्यात माझा अर्थ. प्रयोगशाळेत कच्चं रीडिंग खोडून त्यावर निष्कर्ष लिहीत नाही ना, तसंच.

पुस्तक जरूर वाचा. फक्त प्रत्येक संवादापुढे समासात पेन्सिलीने लिहा: हे कुणी ऐकलं, आणि कधी लिहिलं?