तारांगणातील विज्ञानपट : दर्शन आणि प्रमाण

तारांगणात दाखविल्या जाणाऱ्या विज्ञानपटांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात कौतुकाचा भाग पुष्कळ असतो, परीक्षणाचा थोडा. शैक्षणिक हेतूने काढलेल्या पटाला समीक्षेची कसोटी लावण्याचे कारण नाही, असा समज यामागे असावा. परंतु हे पट ज्ञान देण्याचा दावा करतात. तेव्हा ते ज्ञान कोणत्या प्रमाणावर उभे आहे, हे विचारणे समीक्षकास प्राप्तच आहे.

कार्ल त्साइस कंपनीचा ताराप्रक्षेपक म्यूनिच येथे १९२३ साली प्रथम चालवून दाखविण्यात आला. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली छोटे तारांगण उभे राहिले आणि वरळीचे नेहरू तारांगण ३ मार्च १९७७ रोजी सुरू झाले. त्या पिढीच्या यंत्राला एक मर्यादा होती : मुख्यतः पृथ्वीवरून नुसत्या डोळ्यांना दिसणारे आकाश ते दाखवी. या मर्यादेतच त्याचे बळ होते. घुमटावर पाहिलेले मृग नक्षत्र, ऋतू अनुकूल असल्यास, प्रेक्षकाला त्याच रात्री अंगणातून पडताळता येई. पुढे २००३ साली नेहरू तारांगणात अंकीय प्रक्षेपणपद्धती आली आणि घुमटाचा चित्रपटाचा पडदा झाला. प्रेक्षक आता दीर्घिकांमधून संचार करू लागला. पण जे दिसले ते पडताळण्याचे साधन मात्र त्याच्या हातून गेले.

अशा वेळी ती जबाबदारी पटाने घ्यावयाची असते. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाचा ‘युनिव्हर्स’ (१९६०) हा रोमन क्रॉयटर व कॉलिन लो यांचा कृष्णधवल पट या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्यातील ग्रहांचे देखावे प्रतिकृतींचे आहेत. परंतु वेधशाळेत रात्रभर काम करणारा ज्योतिर्विद त्यांच्या जोडीला सतत दिसत राहतो. हे सारे कोणीतरी, कोठेतरी बसून, कष्टाने शोधून काढले आहे, ही जाणीव प्रेक्षकाला सोडीत नाही.

चार्ल्स व रे ईम्स यांच्या ‘पॉवर्स ऑफ टेन’ची (१९७७) गोष्ट निराळी. शिकागोच्या सरोवराकाठी वनभोजनास आलेल्या जोडप्यापासून दृष्टी दर १० सेकंदांनी दसपट दूर जाते. कडेला अंतराचा आकडा उमटत राहतो. हा या पटाचा प्रामाणिकपणा होय. तथापि त्याची एकसारखी गती एक मोठे सत्य झाकून टाकते. सुमारे एका प्रकाशवर्षापासून दहा कोटी प्रकाशवर्षांपर्यंतचा प्रवास येथे अवघ्या ८० सेकंदांत उरकतो. प्रत्यक्षात बेसेलने १८३८ साली ताऱ्याचे लंबन मोजले, लेव्हिटने १९१२ साली सेफीड ताऱ्यांचा आवर्तकाल आणि तेजस्विता यांचा संबंध मांडला व हबलने १९२९ साली दीर्घिकांच्या ताम्रसृतीचा अंतराशी मेळ दाखविला. या शिडीची प्रत्येक पायरी निराळ्या लाकडाची आहे, आणि वरची पायरी खालचीच्या आधाराने उभी आहे. पटात मात्र ती गुळगुळीत घसरगुंडीसारखी भासते.

नऊ मिनिटांच्या पटाने पाठ्यपुस्तक व्हावे काय, असा आक्षेप कोणी घेईल. तशी अपेक्षा नाही. आपल्या नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द ही प्रमाणे वेगळी ओळखली. धूर दिसतो, अग्नीचे अनुमान करावे लागते. आणि अग्नीचे चित्र रंगविले म्हणून तो प्रत्यक्ष होत नाही. कृष्णविवराच्या कडेला नेणाऱ्या दृश्यात ‘हे गणितावरून रेखाटले आहे’ आणि तेजोमेघाच्या चित्रावर ‘हे रंग निवडून भरले आहेत’, एवढी दोन वाक्ये निवेदनात सहज मावतात. त्यांनी विस्मय उणावत नाही. उलट मानवी बुद्धीविषयीचा आणखी एक विस्मय त्यात मिळतो. मराठी निवेदन लिहिणाऱ्याने तर याविषयी विशेष दक्ष राहावे. कारण ‘दिसते’, ‘ठरते’ आणि ‘असावे’ ही तीन क्रियापदे आपल्या भाषेत हा भेद नेमका सांगण्यास समर्थ आहेत.

वसई तालुक्यातील चांदीपसारख्या गावाहून एखादा विद्यार्थी वरळीस येऊन असा पट पाहील आणि रात्री घरी परतेल. अंगणात उभे राहून त्याने आकाशाकडे पाहिले असता, यांपैकी आपण काय पाहिले आणि काय मानले, हे त्याला सांगता आले, तर तो पट उतरला असे समजावे. न आल्यास, घुमट कितीही भव्य असो, त्याच्या पदरी केवळ एक देखावा पडला.