संकेतस्थळांची पारख : यादी नको, चौकशी हवी

१३ मे २०२३ रोजी अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल उसळली. एकाचा जीव गेला. निमित्त झाले होते इन्स्टाग्रामवरील मजकुराचे. पडद्यावर दिसलेल्या मजकुराचे काय करावे, हा प्रश्न तेथील शाळांना आता पुस्तकी राहिलेला नाही. म्हणूनच सहावी-सातवीच्या वर्गात आपण त्याचे कोणते उत्तर देतो, हे तपासायला हवे.

संकेतस्थळ विश्वसनीय आहे की नाही हे ओळखण्यासाठी मुलांना बहुधा एक यादी दिली जाते. पत्त्याच्या शेवटी ‘ओआरजी’ आहे का? कुलपाचे चिन्ह आहे का? लेखकाचे नाव, तारीख आहे का? ही यादी आम्हाला अपुरीच नव्हे, तर घातक वाटते. ‘ओआरजी’चा पत्ता पैसे भरून कोणालाही मिळतो. कुलूप एवढेच सांगते की, मजकूर वाटेत दुसऱ्या कोणाला वाचता येणार नाही. पलीकडचा खरे बोलतो, याची हमी ते देत नाही. नाव आणि तारीख तर लबाडही लिहितो. साऱ्या खुणा त्या पानावरच्याच; म्हणजे आरोपीलाच साक्षीदार करण्यासारखे!

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग व सारा मॅकग्रू यांचा २०१७ मधील अभ्यास येथे बोलका आहे. त्यांनी इतिहासाचे पीएच.डी. झालेले अभ्यासक, विद्यापीठातील विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना तीच संकेतस्थळे पारखायला दिली. अभ्यासक पानच वाचत राहिले आणि अनेकदा फसले. तपासनीसांनी पान चटकन सोडले, त्याच्या कर्त्याविषयी इतरत्र काय म्हटले आहे ते पाहिले, आणि थोड्या वेळात अचूक निष्कर्ष काढला.

शिक्षकांच्या एका मोबाइलवरही हे वर्गात करता येईल. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे वय शोधायला सांगावे. कुठे सुमारे ५२ हजार वर्षे सापडतील, तर कुठे ५ लाख ७० हजार. यादी येथे मुकी होते. मग विचारावे : हे कोणी, कसे, केव्हा मोजले? पहिला आकडा थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीचा, दुसरा २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीचा. येथे कोणीच लबाड नाही. मोजण्याची पद्धत बदलली. ‘इंटरनेटवर सगळे खोटेच’ हा निष्कर्षही तितकाच आंधळा, हे मुलांना यातून उमगते.

एवढ्याने दंगली थांबतील, असे आमचे म्हणणे नाही. पण पुढे पाठवण्याआधी दुसरीकडे विचारण्याची सवय बाराव्या वर्षीच लागते. ती लावणे शाळेच्या हाती आहे.