कणाकणांतले आकुंचन

टूडी इकोच्या पडद्यावर हृदय उमटले की आपली नजर आधी धावते ती झडपांच्या लयबद्ध उघडमिटीकडे. पण जरा हृदयाच्या करड्या भिंतीपाशीच रेंगाळू या. तिच्यात असंख्य पांढुरके कण पसरलेले दिसतात. ध्वनिलहरी स्नायूच्या सूक्ष्म घडणीवर आदळून विखुरतात, एकमेकींत मिसळतात आणि त्या मिसळणीतून ही कणदार नक्षी तयार होते. भिंतीच्या प्रत्येक तुकड्याची नक्षी निराळी, आणि प्रत्येक ठोक्यात ती आपल्या स्नायूसोबतच सरकणारी. 1953 मध्ये स्वीडनमधल्या लुंड येथे इंगे एडलर आणि हेल्मुथ हेर्ट्झ यांनी हृदयाचे प्रतिध्वनी टिपले, तेव्हा हाती लागल्या होत्या त्या थरथरत्या रेषा. आज संगणक याच कणांचा माग काढत भिंत लांबीच्या दिशेने किती आखडली ते टक्क्यांत सांगतो. हा स्ट्रेन. लांबी घटते म्हणून आकडा उणे. निरोगी डाव्या जवनिकेत तो उणे 20च्या आसपास असतो.

आता हीच भिंत स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या स्त्रीची आहे असे समजून पाहू या. शिरेतून उतरणारे डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे केमोचे औषध गाठीवर प्रभावी खरे, पण हृदयस्नायूच्या पेशींनाही ते इजा करू शकते, आणि एकूण मात्रा वाढत जाते तसा हा धोकाही वाढतो. पुढे ट्रास्टुझुमॅब हे कर्करोगावरचे दुसरे औषध द्यावे लागले तर हृदयाकडे आणखी बारकाईने पाहावे लागते.

आणि इथेच इकोच्या या वाचनातली मला सर्वांत मोहवणारी जागा येते. अहवालात इजेक्शन फ्रॅक्शन 60 टक्के, म्हणजे दर ठोक्याला जवनिकेतले 60 टक्के रक्त बाहेर पडते आहे. सारे आलबेल वाटावे असा आकडा. पण भिंतीच्या आतल्या थरातले तंतू उभे, लांबीच्या दिशेने धावणारे, आणि मधल्या थरातले आडवे, वेढे घेणारे. इजेची झळ बहुधा त्या आतल्या उभ्या तंतूंना आधी लागते, आणि घरातले एक माणूस आजारी पडले की दुसरे न बोलता त्याचे काम उचलते, तसे मधले तंतू भार सावरून घेतात. रक्त पूर्वीइतकेच बाहेर पडत राहते. थकवा दिसतो तो फक्त कणांच्या सरकण्यात! किती सखोल आहे हे, की सावरून घेणाऱ्या हृदयाचे ते सावरणेही आपल्याला वाचता यावे!

म्हणूनच केमो सुरू होण्याआधी काढलेल्या पहिल्या इकोचे मोल मोठे. स्ट्रेनचा उणे 16 हा आकडा एकटा आपल्याशी फारसे बोलत नाही. त्याच स्त्रीचा आधीचा उणे 20 शेजारी ठेवला की तो बोलू लागतो. ही तिच्या स्वतःच्या मूळ आकड्याच्या तुलनेत 20 टक्के घट, आणि 15 टक्क्यांपलीकडची घट अर्थपूर्ण मानली जाते. मात्र रसिक वाचक इथेही घाई करत नाही. त्या दिवशी रक्तदाब चढलेला होता का? केमोनंतरच्या उलट्यांनी शरीरातले पाणी आटले होते का? यंत्र तेच होते का? (निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे स्ट्रेन आकडे जुळतातच असे नाही.) डाव्या स्तनाच्या शस्त्रक्रियेमुळे चित्रच धूसर आले, तर कणांचा मागही डळमळतो.

या साऱ्यांतून पारखूनही घट उरली, तर तो थबकण्याचा नव्हे, हृदयाला आधार देण्याचा इशारा ठरतो. हृदयरोगतज्ज्ञ आणि कर्करोगतज्ज्ञ एकत्र बसतात, हृदयाचे रक्षण करणाऱ्या गोळ्यांचा विचार होतो, पुढचा इको लवकरचा ठरतो. आणि इजेक्शन फ्रॅक्शन टिकून असेल, तर केवळ या आकड्यासाठी केमो सहसा थांबवत नाहीत.