पांडुरंगाला नापास होणं परवडलं कसं?

(वसईतील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय तुम्ही पत्रिकेवर वाचलाच असेल. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’. १९६३ साली आलेल्या या पुस्तकावर एवढं लिहून झालेलं आहे, की आता आणखी कशाला, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटत होतं. पण गेल्या वर्षी एका मुलीने मला एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नाने माझं तीस वर्षांचं शिकवणं उलटंपालटं करून टाकलं. तेच आज सांगायचं आहे.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. वर्गात अस्तित्ववाद शिकवताना सार्त्र आणि काम्यू हे दोघे पोरांना फार लांबचे वाटायचे. मग मी ‘कोसला’ काढायचो. सांगवी नावाच्या खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेला पांडुरंग सांगवीकर. हॉस्टेल, मेस, मित्र, निवडणुका, स्नेहसंमेलन, आणि या सगळ्यातून हळूहळू वर येणारा एक रितेपणा. शेवटी पदवी नाही, काही नाही, गडी गावाला परत. त्याचं ते ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’. मी सांगायचो, बघा, जगण्याला आधीपासून दिलेला अर्थ नाही हे या पोराला कळलेलं आहे, आणि ही दोन साधी अव्ययं म्हणजे त्याचं तत्त्वज्ञान आहे. पोरं लिहून घ्यायची. परीक्षेत उतरवायची. समीक्षेतही साधारण हेच चाललेलं होतं. कुणी सॅलिंजरच्या १९५१ सालच्या ‘द कॅचर इन द राय’शी तुलना करायचं, कुणी काम्यूशी.

गेल्या वर्षी इथल्याच एका महाविद्यालयात मी हेच बोललो. मराठवाड्यातल्या पोरांनाही कळेल, कोकणातल्यांनाही कळेल, असं माझं ठरलेलं भाषण. संपल्यावर एक मुलगी उभी राहिली. जव्हारकडची. नालासोपाऱ्यात एका खोलीत पाच जणी राहतात, त्यातली एक. म्हणाली, “सर, एक विचारू? पांडुरंगाला नापास होणं परवडलं कसं?”

(हशा)

तिथेही सगळे असेच हसले. मीही हसलो. काहीतरी उत्तर देऊन टाकलं. घरी आलो आणि रात्री पुस्तक परत काढलं. यावेळी हातात पेन्सिल घेऊन फक्त पैसे शोधत गेलो. कुठे पैसे येतात, कुठून येतात, कोण देतं, कोण बुडवतं.

आणि काय सांगू, पानापानांवर पैसे आहेत. हा मुलगा मेसचा सेक्रेटरी होतो. त्यात मोठेपणा आहे, मित्रांचा गोतावळा आहे, आणि खड्डा आहे. भिडेखातर सोडलेले पैसे, इतरांनी उडवलेले पैसे, आणि तो खड्डा भरायला शेवटी गावाकडचे वडील. त्याच्या वडिलांशी असलेल्या भांडणाला आम्ही पिढ्यांचा संघर्ष म्हणत आलो. तो आहेच. पण त्या भांडणाची भाषा बघा. ती हिशेबाची भाषा आहे. बापाच्या लेखी मुलगा म्हणजे शहरात लावलेलं भांडवल, आणि मुलाला ते पक्कं ठाऊक आहे. त्याची शरम, त्याचा राग, त्याचं ते घरी येऊन गप्प बसणं, यांच्या मुळाशी हे आहे. मोठ्या शहरात गेलेल्या मुलाला पहिल्यांदा एक गोष्ट कळते. तिथे पाण्यासारखा पैसा लागतो, आणि नुसता राहायला-खायला लागत नाही, कुणीतरी म्हणून ओळखलं जायला लागतो. पांडुरंग नादान उधळ्या नाही. त्याला माणसांत माणूस व्हायचं आहे, आणि त्याचं भाडं तो भरतो आहे.

हे मी आधी का वाचलं नाही? कारण मी स्वतः तसाच आलेलो होतो. मी अमळनेरकडचा. १९७२ साली एम.ए. करायला मुंबईत आलो. दर महिन्याला वडिलांची शंभर रुपयांची मनीऑर्डर यायची. फॉर्मच्या खालच्या चिठोऱ्यावर दोन ओळी लिहायला जागा असायची, तिथे वडील प्रत्येक वेळी एकच वाक्य लिहायचे, ‘पैसे जपून वापरणे.’ मेसचे पैसे देऊन उरायचं काय, तर ट्रामही तोवर बंद झालेली, बसचं भाडं वाचवायला पायी फिरायचो. एकदा मेसची बाकी थकली तेव्हा आठ दिवस दुपारी वाचनालयात बसून काढले. त्या आठ दिवसांत मी ‘कोसला’ पहिल्यांदा वाचली. पोटात काही नाही आणि मी वहीत लिहितोय, ‘रितेपणाचा अनुभव’! आज ती वही बघून हसू येतं. रितेपणा होता, पण तो बराचसा पोटाचा होता.

आणि त्या शंभर रुपयांच्या पलीकडे आणखी एक आकडा होता, तो मनीऑर्डरवर लिहिलेला नव्हता. माझी थोरली बहीण सातवीनंतर घरी बसली. दोघांचं शिक्षण घराला झेपणार नव्हतं. हे कुणी ठरवलं नाही, कुणी भांडलं नाही. ते तसंच होतं.

आता ‘कोसला’तल्या मनीकडे या. पांडुरंगाची धाकटी बहीण. ती देवी येऊन मरते. मराठीतल्या सगळ्यात अस्सल दुःखाच्या पानांत त्या पानांची गणना होते आणि ती योग्यच आहे. इथे मला माझ्या नव्या वाचनाला आवर घातला पाहिजे. मनीच्या मृत्यूचा हिशेब पैशांत मांडता येत नाही. तो मांडू गेलो तर मी पूर्वी जे तत्त्वज्ञानाचं करत होतो, तेच आता अर्थशास्त्राचं करीन. त्या मृत्यूपुढे पांडुरंगाचा प्रश्न खरा आहे, पोटभरल्याचा नाही. एवढं कबूल करून मी एकच विचारतो. भाऊ शहरात आणि बहीण गावात, ही मांडणी कादंबरीला एवढी स्वाभाविक का वाटते? शहरात जाऊन रितं होण्याची मुभा कुणाला होती?

जरा बाहेर बघू. दस्तयेव्हस्कीची ‘गुन्हा आणि शिक्षा’, १८६६. रास्कोल्निकोव्ह हा पीटर्सबर्गमधला पैशांअभावी विद्यापीठ सुटलेला विद्यार्थी. कपाटासारखी खोली, भाडं थकलेलं, घरमालकीण जिन्यात भेटू नये म्हणून हळूच पाय टाकत उतरणारा. आई गावाहून पैसे पाठवते आणि बहीण दुन्या एका नकोशा माणसाशी लग्न करायला तयार होते, भावाचं भलं व्हावं म्हणून. दस्तयेव्हस्कीने कादंबरीच्या सुरुवातीलाच आईचं लांबलचक पत्र घातलं आहे, आणि त्यात हा सगळा व्यवहार उघडा पडतो. मुलगा ते वाचून पेटून उठतो. म्हणजे शहरातल्या विद्यार्थ्याच्या डोक्यातले थोर विचार आणि गावातल्या बहिणीने द्यायची किंमत, या दोन गोष्टी त्याने एकत्र बांधल्या. उलट सार्त्रच्या ‘नॉशिया’मधला, १९३८ मधला, रोकांतँ हा बसून व्याजावर जगतो. त्याला झाडाच्या मुळाकडे बघत बसायला वेळ आहे. पांडुरंग या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे. त्याला पैशांची शरम आहे, पण पायाखाली जमीन आहे. तो हरून परत जातो ते घरात, शेतीवाडीत जातो. कोसला म्हणजे कोश. कोश असायला आधी तो विणण्यापुरता धागा लागतो.

नेमाड्यांना हे ठाऊक नव्हतं असं मी म्हणत नाही. पुढे १९७५ साली त्यांनी ‘बिढार’ लिहिली. तिचं नावच बघा, बिढार. पाठीवर घेऊन फिरायचा संसार. तिथला चांगदेव पाटील मुंबईत आहे, आणि राहायचं कुठे हा प्रश्न तिथे कथेच्या मध्यभागी येऊन बसतो. माझी तक्रार लेखकापेक्षा आम्हा शिकवणाऱ्यांवर आहे. आम्ही मुलाचा रितेपणा शिकवला, बापाची वही शिकवली नाही.

आता आपल्या गावाकडे येतो. विरार ते चर्चगेट साधारण ६० किलोमीटर. आपल्याकडची पोरं शहरात राहायला जात नाहीत, रोज जातात आणि येतात. भाडं परवडत नाही म्हणून ते वेळेत भरतात. जाऊन येऊन तीन तास धरा, वर्षाला २०० दिवस धरा, ६०० तास झाले. म्हणजे सबंध २५ दिवसरात्र विरार फास्टमध्ये उभ्याने. आणि लांबून आलेली पोरं आपल्या नालासोपाऱ्यात खोल्या घेतात, कारण त्यांच्यासाठी मुंबई इथूनच सुरू होते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी शासनाची स्वाधार योजना आहे. चांगली योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी तिची रक्कम ठरली ती वर्षाला ६० हजार, त्यात राहण्याचे २० हजार. महिन्याला सोळाशे-सतराशे झाले. एवढ्यात इथे एक कॉट मिळते का, ते तुम्हीच सांगा.

शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात बोर्डिंग सुरू केलं, पुढे एकेका समाजासाठी काढत गेले. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात काढलं. त्यांना हे कळलेलं होतं की शाळेची फी माफ केली म्हणजे शिक्षण फुकट झालं असं होत नाही. पोर रात्री झोपणार कुठे आणि जेवणार काय, हा शिक्षणाचाच प्रश्न आहे. तत्त्वज्ञानाचा आहे की नाही? मी आता म्हणतो, आहे. स्वातंत्र्य म्हणजे काय, हा आमच्या विषयातला मोठा प्रश्न. त्याचं एक साधं उत्तर असं, की ज्याला एकदा चुकणं परवडतं तो तेवढा स्वतंत्र. पांडुरंग तेवढा होता. ती जव्हारची मुलगी नाही. एक वर्ष गेलं तर तिची खोली जाते, आणि खोली गेली तर शिक्षण.

एक कबुली देऊन थांबतो. १९८० नंतरची गोष्ट. माझ्या वर्गात एक हुशार मुलगा होता. पहिल्या तासाला कधी नसायचा. आला तर पेंगायचा. मी त्याला बोलावून घेतलं, प्रेमानेच, आणि म्हणालो, “तुला काहीतरी मोठा प्रश्न पडलेला दिसतोय. हे वाच.” आणि हातात ‘कोसला’ दिली. तो “हो सर” म्हणाला. दिवाळीनंतर आलाच नाही. मग कळलं, रात्रपाळी करायचा. मेसची बाकी, खोलीचं भाडं, दोन्ही थकलेलं. मी त्याला दोन साधे प्रश्न विचारले नव्हते. राहतोस कुठे? जेवलास का? पुस्तक मात्र त्याने एका मित्राच्या हाती परत पाठवलं होतं, वर्तमानपत्राचं कव्हर घालून.

ते मी अजून ठेवलेलं आहे. पेन्सिलीच्या खुणा मी त्याच प्रतीत केल्या.

‘कोसला’ वाचा, जरूर वाचा. ती थोर कादंबरी आहे हे माझं मत बदललेलं नाही. फक्त शेजारी एक कोरा कागद ठेवा आणि त्यावर जमाखर्च मांडत चला. आणि इथे जे शिक्षक बसलेले आहेत त्यांना विनंती, उद्या पहिल्या तासाला कोण नाही ते बघा आणि त्याला ते दोन प्रश्न विचारा.

आता तुमचे प्रश्न घेऊ. सव्वाआठची गाडी आहे त्यांनी आधी विचारावेत.