गाव सोडलेला संगीतकार : जितेंद्र अभिषेकींचं नाट्यसंगीत

स्थलांतरित माणूस म्हणजे काय, हे म्हसळ्यात मी सांगायला नको. मुंबईला किंवा आखातात गेलेलं माणूस आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे. अशा माणसाबद्दल आपला एक समज असतो की, तो गावाकडचं जसंच्या तसं जपून ठेवतो. पंडित जितेंद्र अभिषेकींकडे पाहिलं की हा समज डळमळतो.

अभिषेकी गोव्यातल्या मंगेशीचे. वडील बाळूबुवा कीर्तनकार. अभिषेकी मुंबईला आले तेव्हा गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. म्हणजे ते एका अर्थानं परमुलखातूनच आले. मुंबई आकाशवाणीवर त्यांनी काम केलं. जगन्नाथबुवा पुरोहित, अजमत हुसेन खाँ अशा वेगवेगळ्या गुरूंकडे शिकले. एकाच घराण्याच्या उंबऱ्यात ते अडकले नाहीत.

१ मे १९६४ला 'मत्स्यगंधा' रंगभूमीवर आलं. नाटककार वसंत कानेटकर, संस्था मुंबईतली गोवा हिंदू असोसिएशन. रामदास कामत, आशालता हे गायक-नटही गोव्याचेच. गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम अडीच वर्षं झाली होती.

त्याआधीची अडचण लक्षात घ्या. 'मानापमान' (१९११), 'स्वयंवर' (१९१६) यांचं संगीत थोरच. पण पुढेपुढे पदाला 'वन्स मोअर' मिळत गेले आणि नाटक ताटकळत उभं राहू लागलं. अभिषेकींनी पद आटोपशीर केलं. राग राहिला, पण तो प्रसंगाच्या कामाला लागला. 'लेकुरे उदंड जाली' (१९६६) हे तर अपत्यहीन जोडप्यावरचं सुखान्त नाटक. श्रीकांत मोघे मुळात नट. त्यांच्यासाठी बोलण्यातूनच गाणं उगवावं अशा चाली केल्या. ताना मारायला तिथे जागाच ठेवलेली नाही!

यावर आक्षेप असा की, यात जुन्या मैफलीचा ऐसपैसपणा गेला. हे खरंच आहे, तो गेला. जर्मनीतून परागंदा होऊन ब्रॉडवेवर स्थिरावलेल्या कुर्ट वाइललाही असंच ऐकावं लागलं की, तो बाजाराला शरण गेला. पण प्रश्न असा विचारा : परंपरा म्हणजे नेमकं काय? पदाची लांबी, की गाण्यातून माणूस उलगडण्याची रीत? मला दुसरं उत्तर पटतं.

त्याचा पुरावा म्हणजे 'कट्यार काळजात घुसली' (१९६७). पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या या नाटकात दोन गायकींचा झगडा आहे. तिथे तान हवीच, कारण तान हाच युक्तिवाद आहे. ज्यांनी 'लेकुरे'त तान काढून टाकली, त्यांनीच इथे ती खुली सोडली. म्हणजे त्यांचं वैर तानेशी नव्हतं, अस्थानी तानेशी होतं.

एक उणीव मात्र सांगायलाच हवी. 'कट्यार'चा भार वसंतराव देशपांड्यांसारख्या गायक-नटावर होता. अशी माणसं घडवणारी व्यवस्था मराठी रंगभूमीनं उभी केली नाही. पदं मैफलीत गेली, आणि ज्या प्रसंगातून ती सोडवता येऊ नयेत अशी बांधली होती, तो प्रसंग मागे राहिला.

तेव्हा मंडळी, यातलं एखादं पद पुढच्या वेळी ऐकाल, तेव्हा एवढंच करा : त्याच्या आधीचा संवाद शोधून वाचा. चाल वेगळी ऐकू येईल.