स्वस्त भाडे आणि कलावंताचे बिऱ्हाड

पुण्या-मुंबईत राहणे परवडत नाही, तर कलावंतांनी सातारा-सांगलीकडे यावे, असा युक्तिवाद हल्ली वारंवार कानी येतो. मी सांगलीत राहतो, पोटाच्या उद्योगातून उरलेल्या वेळात जुने कागद चाळतो. मला हा युक्तिवाद अर्धवट वाटतो. त्यात भाड्याचा हिशेब आहे, मिळकतीचा नाही.

विष्णुदास भाव्यांचेच पाहा. १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ झाले ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि तो आश्रय तुटला. सांगलीतले राहणे काही त्या वर्षी महागले नव्हते. तरी नटांचा संच पोसायचा तर गाव सोडणे भाग होते. १८५३ मध्ये ही मंडळी मुंबईत तिकीट लावून खेळ करू लागली. आपण त्याला रंगभूमीचा विस्तार म्हणतो. मूळ कारण पोटाचे होते, हे सोयीने विसरतो.

साताऱ्याकडचे औंध निराळे नाही. अंतूबुवा जोशी तिथले दरबारी गवई. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा पुढे आकाशवाणीच्या नोकरीत गेले. संस्थान विलीन झाले, पंतप्रतिनिधींचा चित्रसंग्रह तेवढा टेकडीवर राहिला.

उलट बाजूला अण्णाभाऊ साठे. वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. तिथून ते लहानपणी मुंबईला गेले. तिथे गिरणी, चळवळ, श्रोता सगळे मिळाले. घर मात्र घाटकोपरच्या चिरागनगरातली झोपडी. ‘फकिरा’ला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हाही ते झोपडीतच होते. वाटेगावात राहणे याहून नक्की स्वस्त पडले असते. पण तिथे त्यांचे कोण छापणार होते?

अपवाद मिरजेचा, आणि तो नीट पाहण्याजोगा आहे. अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, पण त्यांची मिळकत मिरजेवर अवलंबून नव्हती. जंक्शनवरून गाडी धरून ते दूरदूरच्या मैफली करत. १९३७ मध्ये वारले तेही दक्षिणेतल्या दौऱ्यावर असताना, प्रवासात. दफन मिरजेत झाले. तंतुवाद्यांच्या कारागिरांचेही असेच. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, तंबोरा मिरजेत घडतो, पैसे बाहेरगावचा गवई मोजतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा हे सगळ्यांना आठवले.

पुण्याहून येऊ पाहणाऱ्या तरुण चित्रकाराला विश्रामबागेकडे दोन खोल्या आम्ही शोधून देऊ. त्याचे चित्र इथे कोण घेणार, हे मात्र त्याला बोलावणाऱ्यांपैकी कोणी अजून सांगितलेले नाही.